चढलेला दात

वहिनीच्या पेनाला टोपण होतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या पर्समध्ये जे निळं पेन होतं, तेच तीन वर्षांनंतरही होतं, आणि टोपणही तेच होतं. भिंगरीला ह्या टोपणाचा जितका राग यायचा तितका दुसऱ्या कशाचाच येत नसे. तिच्या स्वतःच्या पेनांना टोपणं नसत, आणि घरात सापडणाऱ्या टोपणांना पेनं नसत.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती घरभर गरगरायची, म्हणून आईने कौतुकाने ठेवलेलं. आता सत्ताविसावं लागलं होतं. नाव राहिलं, कौतुक तेवढं वाटेत कुठंतरी गळून पडलं.

शाळेत आठ वर्षांत आठ बाईंनी प्रगतीपुस्तकावर एकच शेरा मारला होता: हुशार आहे, पण लक्ष नाही. घरी तिला वेंधळी म्हणत, धांदरट म्हणत, दादा चिडला की आळशी म्हणे. ह्याला आणखी काही म्हणत असतील असं कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही. तिला वाटायचं, बाकीची माणसं मनापासून जोर लावतात आणि आपण लावत नाही. मग ती जोर लावायची. नवी डायरी आणायची. कपाटात अशा सात डायऱ्या होत्या, प्रत्येकीची पहिली चार पानं मोत्यासारख्या अक्षरात, आणि पाचव्यापासून पुढे कोरा कागद. संध्याकाळी ती मेल्यागत दमलेली असे, आणि दिवसभरात काय केलंस म्हणून विचारलं तर दाखवायला काही नसे.

एक काम मात्र तिला येई. ती कवळ्यांना दात लावत असे.

दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे लॅबमध्ये येत. त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं, आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. डॉक्टर ती मेणाची कवळी माणसाच्या तोंडात घालून बघत, आणि ठीक आहे म्हणाले की मेणाच्या जागी पक्का मसाला भरून ती पितळी डबीत शिजवायची. शिजवायची म्हणजे अक्षरशः शिजवायची. डबी गार पाण्यात ठेवायची, मंद आचेवर अडीच तास, मग उकळी, मग त्याच पाण्यात निवू द्यायची. घाई केली की मसाल्यात बुडबुडे धरतात आणि कवळी कामातून जाते.

दात लावायला बसली की भिंगरी भिंगरी राहत नसे. तीन-तीन तास मान वर नाही, तहान नाही, हाक मारली तर ऐकू नाही. लॅबचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, पाहुण्यांना तिचं काम दाखवत आणि मग लगेच त्यावरचा नंबर तपासत. कारण साच्यावर नंबर घालायला ती विसरे. एकदा तिने एका ट्रक ड्रायव्हरचा वरचा जबडा आणि बँकेतल्या एका बाईंचा खालचा असा संसार जुळवून दिला होता. पाच वर्षं झाली तरी काका तिची प्रत्येक डबी उघडून बघत.

वहिनीला लॅबमध्ये तिनेच आणलं. स्वतःच्या हाताने. "प्लास्टरला माणूस हवंय, येतेस का?" वहिनी आली, सहा महिने प्लास्टर कालवलं, मग मेण शिकली, मग दात. दीड वर्षात तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि लॅबची किल्ली मिळाली. तिची डबी काका उघडून बघत नसत.

भिंगरी समोरच्या टेबलावरून बघत राही. वहिनी चहा गरम असताना पिते. वहिनीच्या डब्याला त्याच डब्याचं झाकण असतं. वहिनी उठते तेव्हा ज्या कामासाठी उठली तेच करून परत येते, वाटेत तिला दुसरं काही दिसत नाही. हे सगळं ती न बोलता, न घामेजता करी. एखादी बाई सुंदर असती, श्रीमंत असती, तर निदान जळायला काही मोठं कारण मिळालं असतं. इथे ती एका झाकणावर जळत होती, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यात आईचे दात गेले.

हिरड्यांचं दुखणं जुनं होतं. वहिनी घरात आली तेव्हाच निम्मे पडलेले, उरलेले डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांत काढले. शेवटचे चार काढायच्या दिवशी भिंगरीने आईला आणायला जायचं ठरलं होतं. ती निघालीही वेळेवर. वाटेत एका दुकानात बंद पडलेलं घड्याळ दिसलं, ते का बंद आहे ते बघायला ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा दोन तास झाले होते. आई दवाखान्याच्या पायरीवर तोंडात कापसाचे बोळे धरून बसलेली. बोलता येत नव्हतं, म्हणून फोनही करता येत नव्हता. अखेर कंपाउंडरने वहिनीला फोन लावला आणि वहिनी घेऊन गेली. भिंगरी पोहोचली तेव्हा पायरी रिकामी होती.

रात्री आईने नेहमीसारखं तिचं ताट वाढलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

हिरड्या भरल्यावर एक दिवस जेवताना आईने सांगितलं, "डॉक्टरीणबाई ठसे तुमच्याच लॅबला पाठवतायत. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहा, सूनबाईकडे द्या."

"आणि मी?" भिंगरी म्हणाली.

"तू काय?"

"मी पाच वर्षं दात लावतेय. ती दीड."

दादा ताटात बघू लागला. ताटात तसं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुझ्यावर राग नाही गं माझा," आई म्हणाली. "पण दात म्हणजे रोज तोंडात घालायची वस्तू. ती वेळेवर मिळायला हवी, आणि माझीच मिळायला हवी. त्या ड्रायव्हरची नको."

"आई, हात तिचा चांगला आहे माझ्यापेक्षा," वहिनी म्हणाली. "खरंच तिला द्या."

ह्या वाक्याने भिंगरीच्या अंगाची लाही लाही झाली. किल्ली हिच्याकडे, टेबल हिच्याकडे, आता मोठेपणाही हिच्याचकडे. ती ताट उचलून आत गेली आणि ताट मोरीत ठेवायचं सोडून कपड्यांच्या कपाटात ठेवून आली. दुसऱ्या दिवशी ते वहिनीलाच सापडलं.

वहिनीने चार दिवसांत दात लावले. भिंगरीने ते बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दहा मिनिटांनी बघितलं. काम स्वच्छ होतं. सगळे दात प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका उंचीत, एका ओळीत. चूक काढायला जागा नव्हती. पण ते आईचे नव्हते. ते कुणाचेही नव्हते.

आईचा वरचा डावीकडचा दुसरा दात पुढच्या दातावर चढलेला होता. घरातल्या एकाही फोटोत तो दिसत नसे, कारण फोटोत आई ओठ मिटून असे. भिंगरीला तो दिसला होता खालून. आई बस डेपोत तिकीट खिडकीवर होती. शाळा सुटली की भिंगरी खिडकीमागे, टेबलाखाली फरशीवर बसून आईची सुट्टी व्हायची वाट बघायची. बाहेरच्या माणसांना आईचं कपाळ आणि हात दिसायचा. टेबलाखालच्या पोरीला हनुवटी दिसायची, आणि शेजारच्या खिडकीतली बाई काही चावट बोलली की हसणारं आईचं उघडं तोंड. तो दात तेव्हा चमकायचा. जगात एवढी एक गोष्ट होती जी भिंगरीला ठाऊक होती आणि वहिनीला नव्हती.

सोमवारी आईच्या तोंडात मेणाची कवळी घालून बघायची होती. रविवारी लॅब बंद. पण एका रिटायर्ड मास्तरांची पक्की कवळी सोमवारी द्यायची होती आणि ती डबी शिजवायला घालायला भिंगरी शनिवारी विसरली होती. तिला किल्ली मागावी लागली. वहिनीकडे.

"परत आणशील ना?" वहिनीने विचारलं.

"नाही, खाऊन टाकीन."

वहिनी हसली. भिंगरीला हसू आलं नाही.

लॅबमध्ये ती एकटी. डबी गार पाण्यात ठेवली, शेगडी पेटवली. जरा मोठी ठेवू, मग कमी करू, असं मनाशी म्हटलं. मोबाइलवर गजर लावला. आणि वळली, तर समोर वहिनीचं टेबल, स्वच्छ पुसलेलं, आणि त्यावर आईच्या मेणातले ते शहाणे दात.

फक्त तो एक हलवायचा होता. सुरी गरम केली, मेण सैल केलं, दात तिरका केला, शेजारच्यावर चढवला. पण तो चढला तसे बाकीचे खोटे दिसायला लागले. मग शेजारचा. मग समोरचा. मग खालची अख्खी रांग. डोळ्यांपुढे ती हनुवटी होती, टेबलाखालून दिसणारी, आणि हात आपोआप चालत होते. मध्ये कधीतरी गजर वाजला. तिने एका बोटाने बंद केला. एक मिनिट, म्हणाली. हे एक मिनिट तिला नंतर नीट आठवत होतं.

प्रेमाने करत होती असं म्हणणं खोटं ठरेल. प्रेम होतं, पण बसवलं होतं तिला दुसऱ्याच गोष्टीने. उद्या आरशात बघून आई म्हणेल, अगं, ही तर मी. मग विचारेल, कुणी केलं? आणि त्या वेळी वहिनी शेजारी उभी असेल. ते वहिनीचं तोंड भिंगरी दात लावता लावता पुन्हा पुन्हा बघत होती.

जळका वास आला तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. पातेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. डबी तापून काळी पडली होती.

सोमवारी सकाळी काकांनी हातोडीने डबी फोडली. मास्तरांची कवळी स्पंजासारखी निघाली, भोकंच भोकं. काकांच्या कानांवर घासायच्या मशीनचा परिणाम झालेला. ते नेहमीच मोठ्याने बोलत. त्या दिवशी हळू बोलले.

"म्हातारा महिनाभर बिस्किटं चहात बुडवून खातोय. आता आणखी आठवडा खाईल. का?"

"मी गजर लावला होता, काका."

"मग?"

आपण मुद्दाम केलं नाही हे सांगता येत होतं, पण मुद्दाम न करता माणूस असं कसं करतं, हे तिलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. काकांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर जाड अक्षरात लिहिलं, 'भिंगरीने आचेपाशी येऊ नये', आणि शेगडीच्या वर चिकटवला. डिंक वहिनीने दिला. कुठं असतो ते तिलाच माहीत.

मग वहिनी स्वतःच्या टेबलाशी आली आणि थांबली. आईचं मेण तिने उचलून उजेडात धरलं.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती भिंगरीच म्हणे. वन्सं फक्त रागावली की. "ह्याला हात कुणी लावला?"

"मी."

"विचारायचं होतंस."

"दिलं असतंस?"

"दिलं असतं."

खरंच दिलं असतं. भिंगरीला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने विचारलं नव्हतं.

अकरा वाजता दवाखान्यात पोहोचायचं होतं, पुन्हा लावायला वेळ नव्हता. वहिनीने ती कवळी आहे तशी खोक्यात ठेवली आणि खोक्यावर वेळ लिहिली. पेनाला टोपण लावलं.

डॉक्टरीणबाईंनी वरचा जबडा बसवला, खालचा बसवला, आईला चावायला लावलं, बोलायला लावलं. "ओठ सुरेख भरलेत," त्या म्हणाल्या. "आजी, वय दहा वर्षांनी उतरलं तुमचं." त्यांनी आरसा दिला.

भिंगरी खुर्चीच्या एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. भिंगरीच्या हातांना काहीतरी हवं होतं, म्हणून तिने तिथल्या दिव्याचा स्क्रू फिरवायला घेतला होता.

आई आरशात बघत राहिली. मग अंगठा वर नेला आणि डावीकडच्या दुसऱ्या दातावर टेकवला.

"हा कुणी बसवला?"

"मी," भिंगरी म्हणाली. "तुझा होता तसाच. बघ ना, अगदी तसाच." आणि तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी फरशीकडे बघत होती.

"मी तीस वर्षं तोंडापुढे पेन धरून तिकिटं दिली," आई म्हणाली. "तुला काय वाटलं, सवय होती?"

आईने आरसा मांडीवर ठेवला.

"बाकीचे दात पडले तेव्हा रडले मी. हा पडला तेव्हा सुटले. आणि तू तो शोधून आणून परत बसवलास."

भिंगरीच्या हातातला स्क्रू सुटला आणि दिवा मान टाकून खाली आला. डॉक्टरीणबाईंनी तो अलगद वर धरला. "हिचं असं लहानपणापासून आहे का?" त्यांनी विचारलं, रागाने नव्हे.

"जन्मल्यापासून," आई म्हणाली. "स्वभावच तो."

डॉक्टरीणबाई आणखी काही विचारणार होत्या, पण बाहेर पुढचा पेशंट खोकला, आणि ते राहून गेलं.

"आई, मी आज सगळे सरळ करून देते," वहिनी म्हणाली. "पहिल्यासारखे."

भिंगरी दाराकडे निघाली होती. आईने आरसा पुन्हा वर धरला. ओठ मिटले, उघडले. गाल आत ओढून बघितला. स्वतःशीच चार-दोन थांब्यांची नावं घेतली, खिडकीवर घ्यायची तशी, भरभर. मग हसून बघितलं, अर्धवट, चोरून.

"नको," आई म्हणाली. "बाकीचं राहू दे. बाकीचं माझं आहे. हा एक तेवढा सरळ करा."

"करते," वहिनी म्हणाली.

"तू नाही. जिने वाकडा केला तिने." भिंगरी दारातच थांबली. "आणि शिजवायचं काम तू कर सूनबाई. हिला आचेच्या आसपास फिरकू देऊ नकोस."

सकाळचं काही आईला कळलेलं नव्हतं. कळायची गरजही नव्हती.

तो दात सरळ करायला भिंगरीला दहा मिनिटं लागली. तो शेजारच्यावरून खाली उतरला, ओळीत उभा राहिला, आणि बाकीच्यांनी त्याला सामावून घेतलं. हवं होतं ते मिळालं होतं. दात तिने लावले होते, आणि ते माझे आहेत असं आई म्हणाली होती, वहिनीच्या देखत. तिने छातीत थोडा आनंद चाचपून पाहिला. होता, पण पातळ.

वहिनीने मसाला भरला, डबी आवळली, गार पाण्यात ठेवली. आच लहान केली, वाकून बघितली, आणखी लहान केली. मग स्टूल ओढून पातेल्यासमोर बसली. पुठ्ठ्याच्या बरोबर खाली.

भिंगरी दोन हात लांब उभी राहिली. ह्यात काहीतरी युक्ती असणार, असं तिला दीड वर्ष वाटत आलं होतं. काही मोजत असेल, काही म्हणत असेल मनात. आज तिने नीट बघितलं. वहिनीच्या हातात मोबाइल नव्हता, मासिक नव्हतं. हात मांडीवर होते.

"वहिनी, आता काय करतेयस तू?"

"काय म्हणजे? बसलेय."

"डोक्यात काय चाललंय?"

"काही नाही. अडीच तासांनी आच वाढवायची."

"आणि तोवर?"

वहिनीने तिच्याकडे वळून पाहिलं. थट्टा नाही हे तिला दिसलं असावं. "तोवर काही नाही गं. बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं. त्यात काय एवढं?"

म्हणजे युक्ती नव्हतीच. पेन, किल्ली, झाकण, गरम चहा, ह्या सगळ्यांवर ती तीन वर्षं जळली होती, आणि मूळ इथे, ह्या स्टुलावर होतं. ही बाई जोर लावतच नव्हती. हिला लावावाच लागत नव्हता. जोर लावून एवढं केलं असतं तर भिंगरीने हिला कधीतरी माफ केलं असतं.

"पाणी देशील का प्यायला?" वहिनी म्हणाली. "मला उठता नाही येत."

"आणते," म्हणून भिंगरी बाहेर गेली. ओट्यावर पाणी भरायला तांब्या घेतला, तर खिडकीपाशी कुणाचातरी ठसा प्लास्टरची वाट बघत पडलेला दिसला. तो कुणाचा ते बघायला तिने तांब्या खाली ठेवला. ठशाची चिठ्ठी सापडेना, म्हणून ती कपाटाकडे गेली, कपाटात जुने साचे होते, त्यातले दोन तिचेच, पहिल्या वर्षीचे.

ती परत आली तेव्हा तासाच्या वर वेळ गेला होता. वहिनी तशीच बसलेली, हात तसेच मांडीवर, आच तेवढीच, पातेल्यातलं पाणी तेवढंच. वाफ पुठ्ठ्यावरच्या अक्षरांना लागून ती किंचित फुगली होती.

"पाणी?" वहिनीने विचारलं.

भिंगरीने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आणते," ती म्हणाली, पण गेली नाही. वहिनीच्या टेबलावरून तिने ते निळं पेन उचललं, टोपण काढलं, बघितलं, परत लावलं. आत आईचे दात शिजत होते.